सेप्टिक टँक बंद करून गल्लीची सामाईक ड्रेनेज लाइन टाकायची आहे? मग शेवटच्या टोकापासून सुरुवात करा

घराघरातले सेप्टिक टँक बंद करून सगळ्यांची मिळून एकच ड्रेनेज लाइन टाकायची, हा विषय बहुतेक ठिकाणी पावसाळ्यातच निघतो. शोषखड्डा पाणी घेईनासा होतो, टँक काठोकाठ भरतो, संडासातलं पाणी सावकाश उतरायला लागतं आणि जवळच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, एकदाच काय तो खर्च करू आणि पाइप टाकून मोकळे होऊ.

पण पाइप टाकणं हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. अशा लाइनी फसतात त्या वेगळ्याच कारणांनी. शेवटी पाणी कुठे सोडायचं हे आधी ठरलेलं नसतं, उतार नजरेच्या अंदाजाने दिलेला असतो, आणि काम झाल्यावर लाइन नेमकी कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही. ठेकेदार घरापासून खोदायला सुरुवात करायची घाई करेल. तुम्ही मात्र विचार उलट्या टोकाने करा.

आधी खात्री करा: टँक बिघडलाय की नुसता भरलाय?

सेप्टिक टँक मैला गाळतो, पाणी शुद्ध करत नाही. जड भाग तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी बाहेर पडतं. त्यातला सेंद्रिय भार साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत उतरलेला असतो, रोगजंतू मात्र बरेचसे तसेच असतात. उरलेलं काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते. म्हणून ‘टँक नापास झाला’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा नापास झालेली असते ती माती, किंवा मग टँक वर्षानुवर्षं उपसलेलाच नसतो.

हे तपासायला एक लांब काठी पुरते. तिच्या खालच्या दोन-तीन फुटांना पांढरं जाडं कापड गुंडाळा, झाकण उघडून थोडा वेळ लांब उभे राहा आणि मग काठी सरळ तळापर्यंत टेकवून सावकाश वर काढा. गाळ होता तिथपर्यंत कापड काळं आणि चिकट होतं, वरचं नुसतं ओलं राहतं. गाळाची उंची पाण्याच्या एकूण खोलीच्या एक तृतीयांश किंवा जास्त भरली, तर आधी सक्शन टँकर बोलवा. टँकवर वाकू नका आणि जवळ काडी पेटवू नका. आतला वायू पेट घेतो.

उपसल्यावर टँक महिनोन्महिने नीट चालला, तर सामाईक लाइनीची घाई नाही. दोन-तीन वर्षांनी उपसा ठेवला की झालं. पण उपसल्यावर काही आठवड्यांतच पाणी पुन्हा वर आलं, किंवा प्लॉट लहान आहेत, खाली चिकणमाती वा खडक आहे, भूजल वर आहे आणि विहिरी जवळ आहेत, तर सामाईक लाइन हाच शहाणपणाचा मार्ग. निम्म्या घरांची अशी अवस्था नसेल तर मात्र लोक पैसे द्यायला राजी होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पाणी शेवटी कुठे जाणार?

याचं उत्तर लेखी हातात आल्याशिवाय एक फावडंही मारू नका. मार्ग दोन. जवळून सार्वजनिक मलवाहिनी जात असेल तर तिला जोडणं, नाही तर स्वतःचं छोटं शुद्धीकरण उभारणं. नाल्यात सोडणं हा तिसरा मार्ग नव्हे. त्याने गल्लीतल्या सगळ्या घरांची घाण एकवटून खालच्या वस्तीच्या दारात जाते.

सार्वजनिक वाहिनीला जोडायचं असेल तर संबंधित कार्यालयाकडून दोन गोष्टी मिळवा: जोडणीची परवानगी, आणि ज्या मॅनहोलला जोडणार त्याची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे आतल्या पाइपच्या तळाची पातळी. कागदावरची पातळी आणि जागेवरची पातळी जुळेलच असं नाही. त्यांच्या माणसासमोर झाकण उघडून वरूनच मापून घ्या. सगळी आखणी या एका आकड्यावर उभी राहते.

स्वतःचं शुद्धीकरण करायचं तर विजेवर चालणारे संच कमी जागेत बसतात, पण वीज गेली, हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला किंवा चालवणारा माणूस सोडून गेला की त्यांची रया जाते. लहान वस्तीसाठी मी आधी विजेशिवायच्या पद्धतीकडे बघेन: गाळ बसवणारी टाकी, मग कप्प्याकप्प्यांतून पाणी वर-खाली नेणारी बंद टाकी, आणि शेवटी गोट्यांच्या थरात वनस्पती लावलेला वाफा. याला जागा मात्र लागते. आडव्या प्रवाहाच्या वाफ्याला थंड हवामानात माणशी ५ चौरस मीटर किंवा त्याहून जास्त धरतात, उष्ण हवामानात त्याहून कमी पुरते. आणि हो, इथेही तळाचा गाळ उपसावाच लागतो. फक्त घरोघरी करण्याऐवजी एकाच ठिकाणी.

टँक ठेवून लाइन, की टँक काढून लाइन?

हा फरक बऱ्याच बैठकांत कोणी काढतच नाही आणि पुढे त्यावरून भांडणं होतात.

पहिल्या प्रकारात घरचा टँक तसाच ठेवून फक्त त्यातून बाहेर पडणारं गाळलेलं पाणी लाइनीत सोडायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावांत १९६०च्या दशकापासून ही पद्धत चालत आली आहे. घन मैला येत नसल्याने पाइप लहान चालतो, उतार कमी पुरतो, खोदाई उथळ राहते. सपाट आणि खडकाळ जागेला हे वरदान. मात्र टँकचा उपसा थांबत नाही. शिवाय एका जरी घराने टँकला वळसा घालून संडास थेट जोडला, की तो घन मैला पेलण्यासाठी न आखलेली लाइन सगळ्यांचीच तुंबते. सगळ्यांचे टँक सामाईक खर्चाने, एकाच दिवशी, सक्तीने उपसण्याची व्यवस्था नसेल तर या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या प्रकारात टँक बाद करून सगळा मैला लाइनीत. उतार काटेकोर हवा, पण घरमालकाच्या डोक्यावरचं ओझं खरोखर उतरतं. टँक जुने, गळके किंवा अर्धवट बांधलेले असतील तर हाच प्रकार घ्या. पुढचं सगळं विवेचन याच प्रकाराचं आहे.

हिशेब: पाइप मोठा म्हणजे चांगला, हे खरं नाही

चाळीस घरं, दोनशे माणसं धरू. दरडोई रोज १३५ लिटर पाणी वापरात येतं आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला जातं असं मानलं, तर दिवसाला २१,६०० लिटर होतात. म्हणजे सरासरी सेकंदाला पाव लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळी तिप्पट धरा: पाऊण लिटर. आता १५० मिलिमीटर व्यासाचा पाइप १५० मीटरला १ मीटर उताराने टाकला, तर पूर्ण भरून तो सेकंदाला सुमारे १२ लिटर वाहून नेतो. गरजेच्या पंधरापटींहून जास्त!

तेव्हा ‘पुढचा विचार करून’ आठ किंवा दहा इंची पाइप टाकण्यात शहाणपण नाही. मोठ्या पाइपात एवढंसं पाणी पातळ पसरतं, त्याचा जोर जातो आणि मैला जागच्या जागी बसतो. लाइन तुंबते ती पाणी जास्त झालं म्हणून क्वचितच, पाण्याला वेग नाही म्हणून जास्त. सामाईक लाइनीला १५० मिलिमीटर आणि घराच्या जोडणीला १०० किंवा ११० मिलिमीटर पुरे.

हा हिशेब एकाच गोष्टीने कोलमडतो: पावसाचं पाणी. १०० चौरस मीटर छतावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सेकंदाला १.४ लिटर पाणी येतं. नऊ छपरांचं पाणी जोडलं की तो १५० मिलिमीटरचा पाइप काठोकाठ भरला, संडासाचं पाणी अजून आलेलंच नाही. चाळीस छपरांचं आलं तर ५५ लिटर. म्हणून पन्हाळीचा पाइप, अंगणातली जाळी, गच्चीचं पाणी यातलं काहीही या लाइनीत येणार नाही, हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. नियम मोडणारा माणूस सहसा वरच्या अंगाला राहतो आणि पाणी उफाळतं ते खालच्याच्या मोरीत.

लेव्हल काढणं

पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने प्राथमिक अंदाज घ्यायला हरकत नाही. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही तोंडं उघडी ठेवा आणि पाणी डोलायचं थांबल्यावरच खूण करा. पण अंतिम लेव्हल ऑटो लेव्हल, म्हणजे सर्व्हेवाल्याच्या तिपाईवरच्या दुर्बिणीच्या यंत्रानेच घ्यायला सांगा. सर्व्हेवाला दिवसभरात लहान गल्ली उरकतो. कायम राहील असा एक ओटा किंवा पायरी संदर्भ म्हणून धरा, तिथून निघून सगळी मापं घेत पुन्हा तिथेच या. परतल्यावरचा आकडा सुरुवातीच्या आकड्याशी काही मिलिमीटरांच्या फरकाने जुळला पाहिजे. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक आला तर काम पुन्हा करायला लावा.

मापं कसली? शेवटच्या मॅनहोलची तळपातळी, रस्त्याची पातळी दर १० मीटरला, आणि प्रत्येक घरातून बाहेर येणाऱ्या पाइपची तळपातळी. हे तिसरं माप लोक विसरतात. नेमकं एखादं घर खोलगट असतं आणि त्याच्यासाठी अख्खी लाइन खाली न्यावी लागते. असं एकच घर असेल तर त्याला छोटा पंप देणं स्वस्त पडतं का, तेही बघा.

समजा लाइन १८० मीटर आहे आणि जमीन सपाट आहे. १५० ला १ या उताराने एकूण १.२ मीटर घसरण लागते. वरच्या टोकाला तळ ६० सेंटीमीटर खोल असेल तर खालच्या टोकाला तो १.८ मीटरवर जाईल. सार्वजनिक मॅनहोलचा तळ दीड मीटरवरच असेल तर गणित बसत नाही. मग उतार थोडा कमी करून बघा (१५० मिलिमीटरला १७० ला १ च्या आसपास खालची हद्द धरतात), मार्ग बदला, नाही तर पंपिंग. पंप म्हणजे एक चालू, एक राखीव आणि वीज गेल्यावर काही तास पाणी साठेल एवढी विहीर. हा खर्च कायमचा आहे, त्यामुळे पंप टाळता येत असेल तर थोडी जास्त खोदाई परवडते.

मार्ग: पुढून की मागून?

संडास, मोऱ्या, टँक सगळं घरामागे असतं आणि लाइन मात्र पुढच्या रस्त्याने आखली जाते. मग प्रत्येकाने फरशी उखडून घराखालून पाइप पुढे आणायचा! हा खर्च अंदाजपत्रकात नसतो, कारण तो प्रत्येकाच्या खिशातून जातो. आणि त्यामुळेच लाइन झाल्यावर निम्मी घरं जोडणीच घेत नाहीत. निम्म्या घरांचं पाणी म्हणजे निम्मा जोर.

ब्राझीलच्या नाताल शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर तोडगा निघाला. लाइन परसातून किंवा पदपथाखालून, घरांच्या जवळून नेली आणि गल्लीतल्या सगळ्यांची मिळून एकाच ठिकाणी मुख्य वाहिनीला जोडली. गाड्या जात नसल्याने पाइपवर ४० सेंटीमीटर माती पुरते, रस्त्याखाली तेच मीटरभर लागते. खोदाई उथळ, चेंबर छोटे, खर्च बराच कमी. पुढे ब्राझीलची राजधानी ब्राझिलियातही ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली.

याची किंमत एकच: लाइन तुमच्या परसातून जाते, म्हणजे शेजाऱ्याच्या तुंबलेल्या मैल्यासाठी माणसं तुमच्या आवारात येणार. ‘चालेल की’ एवढ्यावर हे सोडू नका. वहिवाटीचा हक्क प्रत्येकाकडून लेखी घ्या, घर विकलं तरी तो चालू राहील अशा रीतीने नोंदवा आणि पाइपवर बांधकाम करायचं नाही ही अट त्यात घाला. पाच वर्षांनी कोणीतरी चेंबरवर खोली काढतोच.

पैसे आणि कारभारी

कराचीच्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान यांनी १९८० साली सुरू केलेल्या प्रकल्पात एकक ठरलं ते गल्ली. वीस-चाळीस घरांची एक गल्ली, तिने निवडलेला एक कारभारी. गल्लीतली लाइन रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने टाकायची, मोठी वाहिनी आणि शुद्धीकरण सरकारने सांभाळायचं. यातून घेण्यासारखं हेच की पैसा गोळा करणारा आणि काम बघणारा माणूस गल्लीतलाच असावा, त्याच्याच दारातून पाणी जाणारा.

वाटणीचं म्हणाल तर मुख्य लाइनीचा खर्च घरटी सारखा आणि स्वतःची जोडणी ज्याची त्याने, हे सर्वांत कमी भांडणाचं. ‘माझं घर खालच्या टोकाला, मी फक्त दहा मीटर वापरतो’ हा युक्तिवाद होणारच. त्याला उत्तर: खालच्या टोकाला लाइन फुटली तर वरच्या सगळ्यांचं पाणी तुझ्या दारात येईल, देखभालीची गरज तुलाच जास्त. उशिरा जोडणाऱ्याने किती भरायचं आणि ती रक्कम कोणाला मिळणार हेही आधीच लिहून ठेवा. देखभाल निधी बांधकामाच्या वर्गणीतच घ्या. नंतर तो गोळा होत नाही.

खोदाई आणि पाइप

काम खालच्या टोकाकडून वर. पाइपचं रुंद तोंड, म्हणजे सॉकेट, नेहमी चढाच्या बाजूला. जोड रबर रिंगचे घ्या, जमीन थोडी खचली तरी ते सांभाळून घेतात. दीड मीटरहून खोल चराला बाजूंनी आधार दिल्याशिवाय कोणालाही आत उतरू देऊ नका. माती ढासळायला क्षण पुरतो.

चराचा तळ सपाट करून १० सेंटीमीटर वाळू. पाइप दगडावर किंवा विटेच्या तुकड्यावर टेकवून लेव्हल करायची सवय गवंड्यांना असते, ती मोडा. वीट राहते, आजूबाजूची माती बसते आणि पाइपला पोट येतं. त्या पोटात मैला साचतो. उताराचा आकडा किती नाजूक आहे बघा: १५० ला १ म्हणजे ३ मीटरच्या पाइपला फक्त २० मिलिमीटर. साध्या स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्यावर हे कळत नाही. दोन चेंबरच्या मध्ये ताणून दोरी, आणि दर पाइपला यंत्राने तपासणी.

पिण्याच्या पाण्याची लाइन आडव्या अंतरात ३ मीटर लांब असावी. अरुंद गल्लीत ते जमत नाही, तेव्हा ती ड्रेनेजच्या किमान अर्धा मीटर वर राहील एवढं बघा आणि ओलांडणीच्या जागी ड्रेनेजचा जोड येऊ देऊ नका.

चेंबर प्रत्येक वळणावर, उतार बदलेल तिथे, जोडणीच्या जागी आणि सरळ लाइनीतही साधारण ३० मीटरला. आत तळाशी अर्धगोल पन्हळ हवी आणि दोन्ही बाजूंना तिच्याकडे उतरती बेंचिंग, म्हणजे सिमेंटचा उतरता काठ. सपाट तळाच्या चेंबरात मैला कोपऱ्यात थांबतो. घराचा पाइप प्रवाहाच्या दिशेने तिरपा येऊ द्या, समोरासमोर भिडू देऊ नका.

माती लोटण्याआधी तीन चाचण्या. एका चेंबरात टॉर्च, पुढच्यात आरसा: पाइपचं पूर्ण गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर पाइप वाकलाय. मग पाइपच्या आतल्या व्यासाहून १३ मिलिमीटर लहान गुळगुळीत गोळा वरून सोडा, तो अडखळता कामा नये. आणि खालचं तोंड बंद करून पाणी भरा, जोड कोरडे राहतात का बघा. ठेकेदाराचं शेवटचं बिल या तिन्हींनंतरच. फोटोही याच वेळी काढा, शेजारी टेप धरून.

जोडणीचा दिवस आणि जुन्या टँकचं काय करायचं

लाइन पूर्ण तपासून झाल्यावरच घरं जोडा, आणि तीही खालच्या टोकाकडून. संडासाचा पाइप टँकच्या आधी तोडून नव्या चेंबरकडे वळवायचा, टँकच्या ओव्हरफ्लोला जोडायचं नाही. मोरी आणि स्वयंपाकघराचं पाणी गली ट्रॅपमधून (gully trap, म्हणजे वास अडवण्यासाठी तळाशी पाणी धरून ठेवणारं छोटं भांडं). संडासाच्या पाइपची हवेची नळी छताच्या वरपर्यंत न्या, नाही तर पाणी वाहताना ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊन घरात वास येतो.

एक तपासणी कोणी करत नाही ती करा: घरातल्या सर्वांत खालच्या मोरीची पातळी चढाच्या बाजूच्या पुढच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे का? असेल तर लाइन तुंबल्यावर पाणी रस्त्यावर न येता आधी त्या मोरीतून वर येईल. तिथे उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवा, तोही उघडून साफ करता येईल अशा जागी.

आता टँक. तो नुसता झाकून सोडणं सर्वांत धोक्याचं. स्लॅब कुजतो आणि दहा-पंधरा वर्षांनी त्यावर कोणीतरी उभं राहतं. सक्शनने पूर्ण उपसून घ्या, येणारं आणि जाणारं दोन्ही तोंडं बंद करा. आत कोणीही उतरायचं नाही, मिनिटभरासाठीही नाही. तिथे प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ सुरक्षित असा होत नाही. पडलेल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

स्लॅब वरूनच यंत्राने फोडा, तळालाही वरूनच ब्रेकरने दोन-चार भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. मग मुरूम किंवा वाळू २०-३० सेंटीमीटरच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करत भरा. उपसलेला टँक रिकामा ठेवून आठवडाभर थांबू नका. भूजल वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि तडकते. टँक साफ करून पावसाचं पाणी साठवायची कल्पना पुष्कळांना सुचते. मला ती पटत नाही, कारण तेवढी सफाई आत माणूस उतरवल्याशिवाय होत नाही.

नंतर

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला चेंबर उघडून बघा. पन्हळीत पाणी वाहतंय आणि बेंचिंग कोरडी आहे, तर उत्तम. बेंचिंगवर किंवा भिंतीवर ओली काळी रेष दिसली, तर पाणी कधीतरी तिथपर्यंत चढून उतरलंय: खाली अडथळा आहे. लागोपाठच्या दोन चेंबरपैकी वरचं भरलेलं आणि खालचं कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये. पुढे वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पावसाळ्याआधी, पूर्ण लाइन तपासली तरी चालतं. स्वयंपाकघराच्या बाजूला तेलाचा थर लवकर धरतो, तिथलं चेंबर आधी उघडा.

नकाशा मात्र काम संपल्याच्या आठवड्यातच करा. प्रत्येक चेंबरचं अंतर जवळच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजून लिहा, तळपातळ्या लिहा, बुजवलेल्या टँकच्या जागाही दाखवा. एक प्रत कारभाऱ्याकडे, एक कार्यालयात आणि एक प्रत्येक घराच्या कागदपत्रांत, म्हणजे घर विकताना ती आपोआप पुढच्या मालकाकडे जाते.